न पिळलेला शर्ट

श्रीहर्षनं गच्चीवरच्या दोरीकडे बोट दाखवलं. "अम्मा, कपडे ठिबकतायत."

ठिबकत होतेच. उन्हाळ्यात माझं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण पीळ द्यायचं बळ काही परत आलं नाही. लेकाच्या दृष्टीनं हा भक्कम पुरावा: आई आता एकटी राहू शकत नाही. तिनं हूटगळ्ळीला त्याच्या फ्लॅटमध्ये यावं आणि जयलक्ष्मीपुरमचं हे घर भाड्यानं द्यावं. हयग्रीव नावाचे कुणी प्राध्यापक त्याच दुपारी चार वाजता घर बघायला येणार होते. हे मला कळलं ते जेवायला बसल्यावर. घर माझं आणि बातमी मलाच सगळ्यांत शेवटी! मला असा राग आला की विचारू नका.

त्यातच आमटी वाढताना मनगटानं दगा दिला. पळी कलंडली ती थेट श्रीहर्षच्या पांढऱ्या शर्टावर. सून सहाना ताटाकडे बघत राहिली. श्रीहर्ष बेसिनपाशी जाऊन साबणाची वडी खसाखसा चोळू लागला आणि पिवळा डाग बघता बघता लाल झाला. हळदीला साबण लागला की असंच होतं. घराघरांत वॉशिंग मशीन आल्यापासून या पिढीनं डागाकडे बघणंच सोडलंय.

"साकु, पुरे आता," मी म्हटलं. "काढ तो शर्ट."

तो बनियनवर उभा राहिला. या कामात मी कुणाच्या बापाला भीत नाही. आधी डागाच्या उलट्या बाजूनं गार पाणी सोडलं, म्हणजे डाग आत न मुरता बाहेर पडतो. मग बादलीत चमचाभरच पावडर. जास्त पावडर म्हणजे जास्त स्वच्छ, हा लोकांचा लाडका गैरसमज आहे. ती नीट खंगाळली जात नाही आणि कापड मात्र कडक होतं. शर्ट थोडा वेळ भिजवला, बोटांनी हलकेच चोळला, भरपूर पाण्यात खंगाळला. डाग फिका झाला, पण गेला नाही.

श्रीहर्षनं ओला शर्ट माझ्याकडून घेतला आणि पिळायला सुरुवात केली. मी तो काढून घेतला.

"तुला पिळता येत नाही, अम्मा. मान्य कर ना."

"येत नाही. आणि लागतही नाही."

शर्ट तसाच निथळत गच्चीवर नेला, झटकला आणि खालच्या कडेला चिमटे लावून उन्हात टांगला. पाण्याच्या वजनानं सुरकुत्या आपोआप ओढल्या जातात. मनगट मोडल्यापासून मी इस्त्रीला हात लावलेला नाही आणि चुरगळलेल्या साडीत मला कुणी पाहिलेलंही नाही. रंगीत कपडे मी उलटे करून सावलीत घालते, पण हळदीला ऊनच दाखवावं लागतं. उन्हापुढे ती टिकत नाही.

दुसरा शर्ट नव्हता, त्यामुळे लेक जिन्याच्या सावलीत अडकून पडला. मग त्यानं चौकशी सुरू केली. भरलेली बादली वर कशी नेतेस? अर्धीच नेते, आणि कपडे साठूच देत नाही. मग चादरी? न्हाणीत पसरून पायांनी तुडवते, मी म्हटलं. त्यावर तो हसला. किती दिवसांनी हसला होता माझ्याजवळ बसून! मला फार बरं वाटलं, पण चार वाजायचे होते आणि धाकधूक काही जात नव्हती.

हयग्रीव आले तेव्हा शर्ट वाळला होता. डागाच्या जागी शोधून सापडेल एवढीच छटा उरली होती. श्रीहर्षनं ती उजेडात निरखून पाहिली, शर्ट अंगात घातला आणि खाली आला. घर कधी रिकामं होईल, असं प्राध्यापकांनी कानडीत विचारलं. मी कंबर कसून पुढं झाले, तेवढ्यात तोच बोलला.

"इल्ल सार. अम्मा इल्ले इर्तारे."

घर द्यायचं नाही, अम्मा इथंच राहते. तोंडाशी आलेलं भांडण मी गिळलं आणि प्राध्यापकांना कॉफी प्यायला आत बोलावलं.