दसऱ्याची चाकं

“ऐंशीपर्यंत गप्प असतं. नव्वदला स्टिअरिंग असं थरथरतं, की हाताला मुंग्या येतात,” मी क्षितिजला सांगितलं. “भूत शिरलंय तुझ्या टायरांत.”

“भूतबित काही नाही. चाकांची अलाइनमेंट बिघडली असेल,” नवरा म्हणाला. कॉम्प्युटरवाल्यांना सगळं न बघताच कळतं.

मी फिजिओथेरपिस्ट. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चहून आठवड्यातले तीन दिवस डोंगराकडच्या गावांत जाते. तिकडे हिवाळ्यात रस्ता गोठतो, म्हणून गाडीला बर्फाचे टायर असतात. ऑक्टोबरात क्षितिज ते उतरवतो आणि साधी चाकं घरीच चढवतो. इकडे दसरा वसंतात येतो, त्यामुळे चाकं बदलणं आणि गाडीची पूजा एकदमच उरकते.

दोन हजार सहाच्या दसऱ्याला सासरे आमच्याकडे होते. पुरुषोत्तम, खडकीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात चौतीस वर्षं गेलेली. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना घेऊन आलो आणि एका खुर्चीत बसवून ठेवलं, खरं सांगायचं तर. चाकं धुण्याचं काम मात्र त्यांनी भांडून मागून घेतलं. दोन दिवस घासत होते! मग प्रत्येक चाकाला हळदकुंकू, झेंडूचं फूल.

आणि आता हे भूत. क्षितिजने पुढची चाकं मागे, मागची पुढे केली. आता स्टिअरिंगबरोबर सीटही थरथरायला लागली! मला तर गंमतच वाटायला लागली. त्याने वैतागून बर्फाचे टायर परत चढवले. “शनिवारी बघू.”

गुरुवारी मी घरी होते. बाबा स्वयंपाकघरात आले, हातात खोबरेल तेलाची रिकामी डबी.

“मृदुला, हे काय असतं गं?”

डबीत शिशाचे चपटे चौकोनी तुकडे होते.

“बाबा! कुठे मिळाले?”

“रिमला आतून चिकटलेले होते. मला वाटलं, कुणीतरी भंगार चिकटवलंय. पूजेच्या चाकाला कसं ठेवायचं? उलथन्याने काढले.” मग घाईने म्हणाले, “टाकले नाहीत हं एकही.”

माझं उलथनं! पण त्यांचा चेहरा बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. चाक सगळीकडून सारखं जड नसतं, ते समतोल फिरावं म्हणून हे वजन लावतात, हे मी त्यांना सांगितलं. गाडी थरथरते त्याच्याशी याचा संबंध असणार, हा अंदाज त्यांना आलाच होता.

“तू यात बसून घाटात गेली असतीस,” ते म्हणाले. “क्षितिज आता मला गाडीला हात लावू देणार नाही. एवढं एकच काम होतं.”

मी चारही चाकं गाडीत टाकली आणि त्यांना घेऊन टायरवाल्याकडे गेले. “किया ओरा,” असा माओरी नमस्कार करत त्याने एक चाक मशीनवर चढवून गरगर फिरवलं. पडद्यावर आकडा आला.

“तीस ग्रॅम?” बाबा वाकून बघत होते. “एवढ्याशाने एवढी गाडी हलते? परत फिरवायला सांग ना.”

टायरवाल्याने हसत परत फिरवलं. नवीन वजन चिकटवल्यावर आकडा शून्यावर आला आणि बाबांनी चक्क टाळी वाजवली. चारही चाकांना वाजवली.

घरी येताना म्हणाले, “क्षितिजला मीच सांगतो. तू मध्ये पडू नकोस.”

जेवताना त्यांनी ती डबी क्षितिजच्या ताटाशेजारी ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. क्षितिजचा घास हातातच राहिला.

“बाबा, अहो, विचारायचं तरी!”

“हो. चुकलंच माझं.”

बाबांना असं म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं. क्षितिजनेही नसावं.

शनिवारी सकाळी क्षितिजने गाडी जॅकवर चढवली, पहिलं चाक बसवलं आणि पाना बाबांच्या हातात दिला. बाबा गुडघ्यावर बसले. एक नट आवळला की त्याच्या समोरचा, मग पुढचा, असे पाचही आवळले, सावकाश, ओठ घट्ट मिटून. मग हात टेकून उठले आणि बाजूला झाले.

क्षितिजने एकही नट तपासून बघितला नाही. जॅक काढून घेऊन तो दुसऱ्या चाकाकडे गेला.