नव्वद मिनिटं

"मागू नये बाई, मागता मोल जाई, न मागता जे येई, तेच गोड."

मावशी हे म्हणायची वेणी घालताना. कंगवा केसांतून ओढत, ओळीच्या शेवटी एक हिसका देत. अर्थ डोक्यात शिरला नाही तरी हिसका शिरायचा. आई गेल्यावर मावशीनेच वाढवलं. तिची स्वतःची तीन, त्यात ही चौथी. चौथ्या पोरीने काही मागायचं नसतं, असं मावशी कधी तोंडाने बोलली नाही. ओवीत बसवून सांगायची. ओवीत बसलेली गोष्ट माणूस विसरत नाही. त्यात मावशीचा गळा गोड. तिथेच घात झाला.

ती चौथी पोर आता बेचाळीस वर्षांची होती. रस्त्याकडेच्या खोलीत तिचं कपडे दुरुस्त करून देण्याचं दुकान होतं. बाह्या आखूड करायच्या, कंबर सैल करायची, चेन बदलायची. ओठांत कायम चार टाचण्या धरलेल्या, म्हणून गल्लीत सगळे तिला 'टाचणी' म्हणत. गिऱ्हाईक आपली गाऱ्हाणी सांगत राही, ही हुंकार देत राही. ओठांत टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही, ही सोय तिला फार लवकर कळली होती.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. गावातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्टमध्ये त्याचा नंबर चिकटवलेला. ताटावर बसला की फोन वाजे. "अडकलंय कुणीतरी," म्हणायचा आणि हात धुवायचा. त्यावर बायको काय बोलणार? अडकलेल्या माणसापुढे आपलं गाऱ्हाणं काय मांडायचं? सोळा वर्षांची मुलगी घरातच असे, पण कानांत इयरफोनची बोंडं कोंबून. तिला जेवायला बोलवायचं तर खोलीतला दिवा दोनदा बंद-चालू करावा लागे. घरात माणसं तीन आणि जेवणं तीन वेळांना. संध्याकाळी शिलाई मशीन थांबलं की घर असं गप्प व्हायचं की तिला स्वतःचा श्वास ऐकू यायचा. मग ती काहीतरी उसवायला घ्यायची. पुन्हा शिवता यावं म्हणून.

किराणा दुकानात एका पेटीत चिठ्ठी टाकली होती, तिचं उत्तर फोनवर आलं. 'भाग्यवान जोडपं' म्हणून निवड झाली होती. बक्षीस एक प्रवासी बॅग. अट एवढीच, की नवरा-बायको दोघांनी जोडीने यायचं, एका सहलीच्या योजनेची माहिती ऐकायची, आणि नव्वद मिनिटं उठायचं नाही.

"दीड तास डोकं खाणार," नवरा म्हणाला. "पण माझी हत्यारांची पिशवी फाटलीय. चल, डोकं देऊ, बॅग घेऊ."

हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये गोल टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलावर कागदी फुलं, दोन पेले सरबत आणि एक रिकामा ट्रे. भिंतभर समुद्राचा फोटो. त्यांच्या टेबलावरची माहिती देणारी मुलगी चोवीस-पंचवीसची असेल. तिच्या कोटाचे खांदे दोन्हीकडून बोटभर बाहेर आले होते. मागून आणलेला कोट, टाचणीला बघताक्षणी कळलं.

"दादा, फोन बंद करून ट्रेमध्ये ठेवा हं. नियम आहे."

"मी लिफ्टवाला आहे. कुणी अडकलं तर?"

"तर दीड तास तुम्हीच अडकलात असं समजा," मुलगी म्हणाली. तो हसला. फोन बंद केला आणि ठेवला. टाचणी त्या ट्रेकडे बघत राहिली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि हा चमत्कार एका कोटवाल्या पोरीने सरबताच्या पेल्यावर करून दाखवला होता.

योजनेला टाइमशेअर म्हणत. समुद्राकाठची एक खोली अनेक कुटुंबांनी वाटून घ्यायची. दर वर्षी एक आठवडा तुमचा, पंधरा वर्षं. आता मोठी रक्कम भरायची, आणि पुढे दर वर्षी देखभालीचा खर्च.

"म्हातारी माणसं सांगायची, अंथरूण पाहून पाय पसरा," नवरा म्हणाला. "इथे तर वर्षातले सातच दिवस अंथरूण. बाकीचे दिवस पाय दुमडून बसायचं?"

मुलगी हसली. ती रागावत नसे, तिला तसं शिकवलेलं असावं. फॉर्म पुढे ओढून तिने त्याला विचारलं, "ताईंना काय आवडतं? समुद्र, डोंगर की जंगल?"

आता हा म्हणणार, तिलाच विचारा. टाचणीने मान खाली घातली. पण तो टेबलावर बोटं वाजवत बराच वेळ विचार करत बसला.

"तिला खिडकी आवडते," शेवटी म्हणाला. "बाहेर काय आहे त्याचं एवढं नाही. बसमध्ये खिडकी मिळाली की तिचा चेहरा बदलतो. बोलत नाही, पण मला कळतं."

मुलीने फॉर्मवर लिहिलं, 'खिडकी'. टाचणीने नवऱ्याकडे पाहिलं. याला ठाऊक होतं! एवढी वर्षं ठाऊक होतं, आणि विचारायला परकं माणूस यावं लागलं.

उरलेला वेळ मुलगी आकडे सांगत होती आणि टाचणी त्याच्या कोपराकडे बघत होती. कोपर तिच्या कोपराला लागून होतं. तो उठत नव्हता. कुणी त्याला हाक मारत नव्हतं.

"मग काय ठरवायचं?" मुलीने विचारलं. नवऱ्याने नकाराचा हात उचललाच होता.

"आम्ही विचार करून सांगतो," टाचणी म्हणाली.

नवऱ्याने वळून पाहिलं. ही बाई कधी कशात मन अडकवत नाही, आणि आज म्हणते विचार करू!

खरं तर विचार त्याच संध्याकाळी संपला होता. मापाच्या खाकी कागदाच्या पाठीवर तिने हिशेब मांडला. देखभालीला दर वर्षी जेवढं भरायचं, तेवढ्यात एखादी साधी खोली भाड्याने घेऊन आठवडाभर राहता येत होतं, आणि ज्या वर्षी जमणार नाही त्या वर्षी न जाताही चाललं असतं. शिवाय वाढत्या पोरीचा कपडा शिवताना आत दोन बोटं कापड सोडतात, पुढे उसवून वाढवता यावं म्हणून. या करारात तसली सोयच नव्हती. आजच्या मापाने पंधरा वर्षं कापायची. दोन वर्षांत पोरगी शिकायला बाहेर पडेल, मग त्या खोलीतल्या तिसऱ्या खाटेवर कोण झोपणार? कपडा अंगाला येत नव्हता. तिने कागद दुमडून खडूच्या डब्याखाली ठेवला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

कारण पुढच्या शनिवारी पुन्हा बोलावलं होतं. या वेळी घरच्या पोरीलाही घेऊन.

पोरीने कानांतली बोंडं ट्रेमध्ये टाकली ती अशी, जणू दागिने गहाण टाकतेय. मग तिने त्या कोटवालीची उलटतपासणी घेतली.

"शाळेच्या सुट्टीतले आठवडे मिळणार का?"

"त्यांचा दर थोडा वेगळा आहे."

"थोडा म्हणजे? आणि देखभालीचा खर्च दर वर्षी वाढणार?"

"महागाईप्रमाणे."

"मग पंधराव्या वर्षी किती?"

"अहो, हिला नोकरीला ठेवा," नवरा कोटवालीला म्हणाला. "घरी तर हिच्या तोंडून शब्द फुटत नाही."

"घरी कुणी विचारतं का मला काही?" पोरगी म्हणाली. सगळे हसले. टाचणीही हसली, पण ते वाक्य तिने मनात घडी घालून ठेवलं.

मग नवऱ्याला रंग चढला. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या एका माणसाची गोष्ट त्याने सांगितली. फटीतून तो माणूस विचारत होता, 'किती वेळ लागेल?' हा म्हणाला, 'अर्धा तास.' तर तो म्हणतो, 'तासभर करा की भाऊ, घरी पाहुणे आलेत.' पोरगी टेबलावर डोकं टेकवून हसली. ही गोष्ट टाचणीने कधी ऐकली नव्हती. अशा किती गोष्टी तो अंगावर ग्रीस लागावं तशा घरी आणत असेल आणि साबणाने धुवून टाकत असेल?

नव्वद मिनिटं संपली, तेव्हा ती पुन्हा म्हणाली, "अजून जरा विचार करतो."

बुधवारी दुपारी कोटवाली दुकानात आली. गेल्या खेपेला टाचणीनेच पत्ता दिला होता, खांदे नीट करून देते म्हणून. मुलगी स्टुलावर बसून राहिली.

"ताई, कोट माझ्या बहिणीचा आहे," ती म्हणाली. "एक विचारू? तुम्ही घेणार आहात ना? या महिन्यात माझ्या टेबलावर एकही सही झालेली नाही."

टाचणीच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने हुंकार दिला. हुंकाराचा अर्थ ज्याने त्याने लावायचा असतो. मुलीने हवा तो लावला आणि तिचा चेहरा उजळला. टाचणीने त्या कोटाचे पैसे घेतले नाहीत. पण मुलगी गेल्यावरही तो उजळलेला चेहरा स्टुलावरून हलेना. आपल्या पोटातलं आपण पोटात ठेवतो तेव्हा वाटतं, त्यात कुणाचं काय जातं? जातं. या पोरीचा महिना जात होता.

त्याच आठवड्यात नवरा घरी दिसेनासा झाला. आधी जेवताना उठून जायचा, आता जेवायलाच येईना. रविवारी सकाळी डबा घेऊन निघाला तेव्हा तिने विचारलं, "आज कुठे?"

"हॉस्पिटलच्या सहा लिफ्ट घेतल्यात. दर रविवारी. आणि संध्याकाळी बाजाराच्या इमारतीतल्या दोन." बुटाची नाडी बांधत, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "तुला ती खोली हवीय ना? एकोणीस वर्षांत तू पहिल्यांदा काहीतरी हवं म्हणालीस. नाही कसं म्हणू? आठवड्याचे सात दिवस राबलो की वर्षाचे सात दिवस सुटतील."

स्वतःच्याच विनोदावर हसून तो गेला. जिना उतरतानाची त्याची पावलं तिने शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली. करायला गेले काय आणि झालं काय! त्याची नव्वद मिनिटं मिळावीत म्हणून ती गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्यात त्याचे रविवार गेले. त्या रविवारी पोरगी मैत्रिणीकडे होती. टाचणीने एकटीने जेवण वाढून घेतलं आणि ताट पुढ्यात ठेवून बसली. भूक होती. घास उचलवेना.

त्याला तेव्हाच थांबवायला हवं होतं. सोमवारी सांगू, मंगळवारी सांगू, असं म्हणत शनिवार उजाडला. तिसरी खेप, आणि आज सही.

तो कामावरून थेट आला. डोळे लाल, नखांत काळं. फोन ट्रेमध्ये ठेवताना म्हणाला, "ताई, आज दीड तास नाही जमणार. सही कुठे करायची दाखवा, वीस मिनिटांत परत जायचंय."

"हो दादा, कागद आणते. कॉफी सांगू?" कोटवालीचा कोट आता अंगावर छान बसला होता. ती लगबगीने आतल्या खोलीकडे गेली.

दोघंच राहिले. नवऱ्याने खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं आणि क्षणात त्याचा डोळा लागला. टाचणी त्याच्याकडे बघत राहिली. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. कधी झाले? समोर समुद्राचा फोटो, टेबलावर कागदी फुलं, आणि शेजारी हा थकून झोपलेला माणूस, जो तिच्या एका न बोललेल्या वाक्यापायी थकला होता. आता मुलगी कागद घेऊन येईल. पेन पुढे करील. हा सही करील आणि पंधरा वर्षं असाच धावत राहील, बायकोला खिडकी मिळावी म्हणून.

आतल्या दाराची मूठ फिरल्याचा आवाज आला.

"अहो," तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "उठा. ऐका."

"आले का कागद?" तो दचकून सरळ झाला.

"सही करू नका."

"का? काय झालं?"

"मला ती खोली नकोय. पहिल्या दिवसापासून नको होती."

दारात मुलगी कागद छातीशी धरून थांबली. टाचणीने तिच्याकडेही एकदा पाहिलं, कारण हे तिलाही ऐकू जायला हवं होतं.

"मग एवढे दिवस?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "मी आपला सहा लिफ्ट... अगं, मग आपण इथे येत कशाला होतो?"

"तुम्ही शेजारी बसता म्हणून. इथे आलं की तुम्ही उठून जात नाही." ती थांबली नाही. "घरी मला फार एकटं वाटतं हो. तुम्ही बाहेर असता तेव्हाच नाही. घरात असता तेव्हासुद्धा."