तपासले, चूक नाही

"आत काहीतरी ठेवून झाकण मिटलंय," लॅपटॉप दुरुस्त करणारा म्हणाला. "पेन वगैरे होतं का?"

"पेन्सिल," मी म्हणाले आणि मुद्दाम बाबांकडे बघितलं.

बाबा काउंटरची कड धरून उभे होते. "खूण ठेवली होती," ते हळूच म्हणाले.

त्याला काही कळलं नाही. मला कळलं होतं, म्हणून तर जास्त संताप आला होता. बाबांनी अडतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. मध्येच उठायची वेळ आली की जिथवर वाचून झालं तिथे पेन्सिल ठेवायची, कागद मिटायचे आणि वरून तळहाताने दाबून बसवायचे, ही त्यांची जन्माची सवय. आदल्या दिवशी दारावर कोण आलंय ते बघायला मी उठले. लॅपटॉप उघडाच होता. त्यावर धूळ बसेल म्हणून बाबांनी कानावरची पेन्सिल काढली, माझ्या अर्धवट ओळीखाली, म्हणजे बटणांवर, आडवी ठेवली, झाकण मिटलं आणि चांगलं दाबलं. मी येऊन उघडलं तर पडद्याला या कडेपासून त्या कडेपर्यंत चीर आणि दोन्ही बाजूंना शाई सांडल्यासारखं काळं.

मग मी वाट्टेल ते बोलले. "कुणी सांगितल्या होत्या तुम्हाला नसत्या उठाठेवी?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. त्यानंतर बाबांच्या कानावर पेन्सिल दिसली नाही.

"नवा पडदा टाकायचा तर नऊ हजार," दुरुस्तीवाला म्हणाला.

"अहो, नऊ हजारांत जुना लॅपटॉपच येईल की!"

"येईल ना. पण तो किती दिवस चालेल ते देवालाच माहीत." त्याने मागच्या फळीवर हात मारला. "दुसऱ्या मशीनचा काढलेला पडदा आहे माझ्याकडे. पाच हजारांत बसवून देतो. पण हमी नाही हां, ताई. इथेच नीट बघून घ्यायचा. दाराबाहेर गेला की तुमचा."

मी घरी बसून डॉक्टरांचं टायपिंग करते. डॉक्टर रोग्याबद्दल जे बोलून ठेवतात ते ऐकायचं आणि अक्षरन् अक्षर उतरवायचं. कंपनीने दोन दिवसांची सवड दिली होती, तिसऱ्या दिवशी माझं काम दुसरीकडे जाणार होतं. घरात दुसरी मिळकत नव्हती. छापखाना बंद पडला तेव्हा मालकाने बाबांना हात जोडून निरोप दिला होता, बाकी काही दिलं नव्हतं.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "कपाटातलं पाकीट काढ."

"ते तुमच्या डोळ्याचे आहेत, बाबा."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. गुरुवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. सहा महिने थोडे थोडे पैसे बाजूला टाकून ते पाकीट भरलं होतं.

"डोळा काय पळून जातोय? इतके दिवस थांबला, अजून थोडा थांबेल. तुझं काम थांबणार नाही."

मी "नको" म्हणाले. पण एकदाच म्हणाले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बुधवारी लॅपटॉप तयार झाल्याचा फोन आला तेव्हा मला कंपनीत जाऊन साहेबांच्या हातापाया पडायचं होतं. बाबा चपला घालूनच उभे. "मी आणतो. तपासून घ्यायचंय ना? मग ते काम माझंच."

एवढं सगळं बोलून झाल्यावर "तुम्हाला दिसत नाही" हे आणखी कुठल्या तोंडाने बोलणार? मी जाऊ दिलं.

मी परत आले तेव्हा लॅपटॉप टेबलावर होता आणि बाबा त्याच्याशेजारी राखण केल्यासारखे बसले होते. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता.

"नुसता पांढरा पडदा लावायला सांगितला मी त्याला. मग वरून खाली, ओळीओळीने बघितला. तो कंटाळला गं! पण मी सोडतोय काय? एक डाग नाही."

मी झाकण उघडलं. उजवीकडे, मधल्या ओळींच्या उंचीवर, काळाकुट्ट ठिपका. तिळाएवढा असेल, पण डोळे असलेल्या माणसाला लांबूनही दिसला असता. आमच्या कामात सगळं औषधांच्या मात्रांवर असतं. अडीच आणि पंचवीस यांच्यात तेवढ्याच एका ठिपक्याचा फरक. पडद्यावरचा डाग मी दशांशचिन्ह धरून बसले तर कुणाच्या तरी जिवावर बेतायचं.

"कसा आहे?" बाबांनी विचारलं.

"छान आहे. नव्यासारखा."

गुरुवारी सकाळी बाबांना न सांगता लॅपटॉप घेऊन मी दुकानात गेले. त्याने ठिपका बघितला, सुस्कारा सोडला आणि खणातून पावती काढून माझ्यापुढे ठेवली. सहीच्या जागी बाबांचं तिरकं, बारीक अक्षर होतं: तपासले. चूक नाही.

शेवटच्या प्रुफावर ते हेच लिहीत. ते लिहिलेलं पान सरळ छपाईला जायचं, पुन्हा कुणी उघडून बघत नसे. साहित्यिक म्हणवणारे लोकसुद्धा घरी निरोप पाठवायचे, आमचं पुस्तक यांच्याच हातून जाऊ द्या म्हणून.

"दोनदा विचारलं मी काकांना," दुरुस्तीवाला म्हणाला. "पडद्याला नाक लावून बघत होते. मला शंका आली, पण वडीलधाऱ्या माणसाला कसं म्हणायचं, तुम्हाला दिसत नाही म्हणून? म्हणाले, अडतीस वर्षं हेच केलंय." वाईट माणूस नव्हता तो. "असं करा, काकांना घेऊन या. सही त्यांची आहे. त्यांनी माझ्यासमोर सांगितलं की हो, डाग राहिला नजरेतून, तर मी बदलून देतो. दुसरा एक आहे."

दुसरा पडदा तिथेच, हाताच्या अंतरावर, फळीवर होता.

मला बाबा दिसायला लागले, काउंटरची कड धरून, ठिपका कुठे आहे ते माझ्या बोटावरून शोधताना.

"राहू द्या," मी म्हणाले. "धूळ असेल."

"अहो ताई, धूळ कुठली? हे बघा, पुसून जात—"

"धूळच आहे," म्हणून मी झाकण मिटलं.

घरी आले तेव्हा बाबा फोनवर होते. डोळ्याच्या दवाखान्यातून आला होता. "नाही, आज जमत नाही. नंबर दुसऱ्याला द्या. द्या, द्या, कुणाची तरी सोय होईल." फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "एवढ्या सकाळी कुठे गेली होतीस?"

"दुकानावरून आले. तो दुरुस्तीवाला तुमचीच आठवण काढत होता."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, काकांसारखं तपासून घेणारं गिऱ्हाईक मी जन्मात बघितलं नाही."

बाबा उठले आणि आतल्या खोलीत गेले.

मी कामाला बसले. आकडा आला की पान जरा वर सरकवायचं. ठिपका जागीच राहिला तर तो पडद्याचा, आकड्याबरोबर सरकला तर डॉक्टरांचा. असं प्रत्येक आकड्याला. थोड्या वेळाने बाबा बाहेर आले आणि वर्तमानपत्र नाकाला लावून माझ्यासमोर बसले. त्यांच्या कानावर पेन्सिल होती.