शुभ-लाभखालची चीर

वेरूळला गाडी मागे घेताना मी आमची कॅरॅव्हॅन कडुलिंबावर घातली, हे नवऱ्याला, गोकुळला, सांगितलं नव्हतं. मागच्या कोपऱ्यात फायबरला वीतभर चीर गेली. मी तिच्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, रंग फासला आणि वर शुभ-लाभचं भलंमोठं स्टिकर चिकटवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

मूठ उघडली ती पुढच्या पावसात. पाहुण्यांच्या गादीवर पाणी टपकलं आणि ते अर्ध्या सहलीतून परत गेले. गोकुळ म्हणाला, "दीपमाला, अजून एकदा गळली तर इकून टाकू." पर्यटकांना फिरवायचा हा धंदा माझा, गाडीही मीच चालवते. ती विकली की मी घरात बसणार. शनिवारी पुढचे पाहुणे यायचे होते.

सोमवारीच मी चिकलठाण्याला फायबरची कामं करणाऱ्या मुख्तारभाईंच्या शेडमध्ये गेले. त्यांनी भिंतीला कान लावला आणि रुपयाच्या नाण्यानं टकटक करत खडूनं मोठा गोल काढला. "इथवर सडलंय, ताई."

मग गरम हवा देऊन त्यांनी स्टिकर अख्खं सोडवलं, फळीवर कोऱ्या कागदात नीट ठेवलं आणि ग्राइंडर चालू केला.

"अहो, चीर वीतभर, तुम्ही तर शेळी जाईल एवढं भोक पाडलं!" मी ओरडलेच.

त्यांनी आतून काळं पडलेलं प्लायवूड काढून माझ्या हातावर ठेवलं. चहाचा चोथा जणू. "वरून टाके घातले, आत पू तसाच. लांबी कोणी भरली?"

"मीच."

"हात साफ हाय तुमचा. पर आधी सुकवायचं, मग भरायचं."

माझा राग तिथंच विरला. नवं प्लायवूड बसवून त्यांनी भोकाचे काठ लांबवर उतरते घासले. काचधाग्यांची मॅट थरावर थर बसवली, प्रत्येक थरातला हवेचा बुडबुडा रोलरनं हुसकून लावला. दुपारी उन्हात थर चिकटवायचं रेझिन लवकर आवळतं, म्हणून ते फक्त सकाळी कालवायचे. मी कितीही घाई केली तरी बधले नाहीत. इतका हट्टी आणि इतका गुणी माणूस मी पाहिला नाही.

शुक्रवारी गोकुळही आला. मुख्तारभाईंनी तासभर पाइपनं पाणी मारलं. मी आत कोपऱ्याखाली वर्तमानपत्र पसरून बसले होते. कागद कडकडीत कोरडा!

बाहेर आले तर गोकुळ भिंतीवरून हात फिरवत होता. "फुटली कुठं होती? समजंना."

मुख्तारभाई माझ्याकडं न बघता हात पुसत राहिले. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण अशा कामाशेजारी उभं राहून मला खोटं बोलवेना.

"इथं. कडुलिंबावर मीच घातली होती."

गोकुळनं तिथं बोट टेकवून पाहिलं. मग म्हणाला, "उद्या माघारी घेताना मला खाली उतरव. मी बघतो मागं."

मुख्तारभाईंनी फळीवरचं स्टिकर आणून माझ्या हातात दिलं.

"दारावर लावा, ताई. इथं आता झाकायला काय नाय."