पूजेच्या दिवशी पुसलेली आठवण

मित्रांनो, मी एक जुनी मिलिंग मशीन आहे. ‘जुनी’ हा शब्द मी स्वतः वापरला, ते चालेल. तुम्ही वापरलात तर मला राग येईल. बारामतीच्या एमआयडीसीत विजयसिंह आबांची शेड आहे, तिथे डाव्या हाताला मी उभी असते. लोखंडाचा ठोकळा माझ्या टेबलावर बांधायचा, कंट्रोलमध्ये आकडे भरायचे, की मी तो बरहुकूम कोरून देते. मी आले तेव्हा आबांची भावकी कऱ्हाटीहून टेम्पो भरून मला बघायला आली होती. आबांच्या आई बनाबाई यांनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, “एवढी थोराड हाय, पर खाती काय?”

मी वीज खाते आणि तेल पिते. त्या बदल्यात साखर कारखान्यांच्या पंपांची झाकणं, ट्रॅक्टरचे गिअर-डबे असं काय काय मी बनवलं आहे. पहिली तेवीस वर्षं मला इकबालचाचांनी चालवलं. निवृत्त होऊन इंदापूरला घरी बसण्याआधी त्यांनी मला संजीवनीच्या हाती दिलं. ती वरकुट्याची. आली होती पॅकिंगला, पण जेवणाची सुट्टी झाली की डबा हातात घेऊन चाचांच्या मागे उभी राहायची. अशी बघत बघतच ती शिकली. आता समोरच्या भिंतीला एक नवी पांढरी मशीन आली आहे. तिचं दार आपोआप लागतं. तिच्यावर माझा राग नाही. खोटं कशाला बोलू, थोडा आहे.

आता माझ्या दुखण्याचं सांगते. कुठवर सरकायचं, कुठे थांबायचं, कापायचं हत्यार कोणत्या उंचीवर बदलायचं, ही माझी सगळी मापं एका मेमरीत असतात. मेन स्विच बंद असला की ती मेमरी एका छोट्या बॅटरीवर तग धरते. ही बॅटरी उतरायला लागली, तेव्हा मी रोज सकाळी सुरू होताना पडद्यावर तसं लिहू लागले. सहा महिने लिहिलं. संजीवनीने आबांच्या मुलाला, शंभूराजला, दोनदा सांगितलं. शेवटी नवी बॅटरी आली ती नेमकी खंडेनवमीच्या सकाळी.

त्या दिवशी शेडमधल्या सगळ्या यंत्रांना पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालतात. पूजेला बसवलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, म्हणून मेन स्विच बंद. शंभूराजला वाटलं, आज पूजेबरोबर सेवाही होऊन जाईल. त्याने माझी जुनी बॅटरी काढली.

“दादा, थांबा,” संजीवनी म्हणाली. “मशीन चालू ठिवूनच बॅटरी बदलायची असती. चाचा नेहमी सांगायचे.”

“आज चालू करायची म्हंतीस? पूजेला बसलीया ती!”

तेवढ्यात आरतीची हाक आली. बॅटरीचं घर रिकामं ठेवून सगळे गेले. आरती, प्रसाद, फोटो, मग नवी बॅटरी. तोवर माझी मापं पुसली गेली होती. गळ्यात हार आणि डोकं कोरं, अशी मी उभी होते.

दसऱ्याची सुट्टी संपली. संजीवनीने स्विच लावला आणि पडदाभर लाल अलार्म उमटले. तिने रीसेट दाबलं. इमर्जन्सीचं बटण फिरवून सोडलं. स्विच बंद करून, दहा मिनिटं थांबून, परत लावला. अलार्म तेच. शंभूराजने पुण्याला इंजिनिअरला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, हे मॉडेल केव्हाच बंद झालंय, आता नवी घ्या.

“म्हातारी गेली कामातनं,” शंभूराज म्हणाला. “उद्या दुपारी क्रेन बोलवतो. भंगारात घालू.”

मित्रांनो, तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघत असता तर मी त्याला चांगलं सुनावलं असतं! माझा एक नट ढिला नव्हता. मोटारी धडधाकट होत्या. तुम्ही माझी आठवण पुसलीत आणि मलाच विसरभोळी ठरवता?

भीती वाटली ती मात्र संजीवनीसाठी. नव्या मशीनवर डिप्लोमा झालेली माणसं होती. मी गेले की ती परत पॅकिंगला जाणार, आणि एवढ्या वर्षांची तिची विद्या मातीमोल होणार. तिने डोळे पुसले आणि इकबालचाचांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी चाचा पहिल्या एसटीने आले. आल्या आल्या त्यांनी माझ्या मागच्या कपाटाचं दार उघडलं. मापांचा कागद त्या दाराला आतून चिकटवलेला असतो. पण तिथे कागद दिसेना. दर खंडेनवमीला कुणी ना कुणी तिथे मोरगावच्या गणपतीचा नवा फोटो डकवला होता, एकावर एक, भरपूर खळ लावून.

चाचांनी हात मागे घेतला. “तू काढ, पोरी. देवाचं काम हाय, माझ्या हातनं फाटायला नको.”

संजीवनीने नमस्कार केला. “देव काय रागवत न्हाय, चाचा. आपलंच चुकलंय.”

ओल्या फडक्याने तिने एकेक फोटो सोडवला. खाली पिवळा कागद निघाला, पण शेवटची ओळ खळीबरोबर निघून आली होती. बाकीचे आकडे दोघांनी भरले. एकामागून एक अलार्म गेले. एक राहिला, हत्यार बदलायच्या उंचीचा. तो आकडा चुकला तर हत्यार बदलणारा माझा लोखंडी हात माझ्याच तोंडावर आपटून मोडणार.

“मला आठवत न्हाय गं,” चाचा खाली बसले. “खरंच न्हाय आठवत.”

बाहेर क्रेनचा हॉर्न वाजला.

“आठवायचं कशाला? मोजू की,” संजीवनी म्हणाली. तिने मोजायची डायल लावली. हँडव्हील केसाकेसाने फिरवत मला खाली आणलं, थांबली, परत वर नेलं, परत आणलं. शंभूराज दोनदा म्हणाला, “सोड आता, क्रेनवाला खोळंबलाय.” तिने मान वर केली नाही. सात वेळा मोजलं, मग आकडा भरला आणि बटण दाबलं. माझ्या लोखंडी हाताने हत्यार उचललं, फिरवलं आणि अलगद माझ्या तोंडात बसवलं. पडद्यावर एकही अलार्म नव्हता.

दारात आबा उभे होते. ते शंभूराजला म्हणाले, “क्रेन माघारी लाव. आन् ह्या पोरीला विचारल्याबिगर मशीनच्या दाराला हात लावायचा न्हाय.” शंभूराज मान खाली घालून संजीवनीजवळ गेला. “चुकलं माझं,” तो म्हणाला. “तो आकडा कसा काढलास, मला दाखव.” तिने दाखवलं.

मुलांनो, तुमच्या घरीही एखादं जुनं यंत्र असेल. त्याला हार घाला, माझी ना नाही. आम्हालाही कौतुक आवडतं. पण ते काही सांगत असेल, तर आधी ते वाचा. आणि सुरू झालं नाही म्हणून लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका. कुणाची चूक आहे ते आधी शोधा, ती तुमचीही असू शकते.

मला वजनावर विकणारे अजून पुष्कळ भेटतील. येऊ देत. आज चाळीस झाकणं व्हायची आहेत, संजीवनीने ठोकळा बांधलाय. सरा बाजूला, मला काम आहे.