जावईबापूंचा भोवरा

सलूनवाल्याला वाद घालायची भारी खोड. वस्तरा हातात असलेल्या माणसाशी कोण कशाला जास्त तोंड लावेल? त्यामुळे तो बहुतेक वाद जिंकायचाही. पण समोरच्या चष्मेवाल्याने त्या दिव्यांच्या भानगडीवरून त्याचं पार डोकं उठवलं होतं.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी धरणाच्या रस्त्यावर आभाळात दिवे दिसले म्हणे. एकाला नव्हे, चांगले पाचपन्नास जणांना. एक बाई तर छातीठोकपणे सांगत होती की आपल्याला वर उचलून नेलं, तपासलं आणि परत आणून सोडलं.

"परत सोडलं? का, पसंत पडली नाही?" सलूनवाला म्हणाला, आणि बाकावरची गिऱ्हाईकं खो खो हसली.

"हसा," तोंडाला फेस लावून बसलेला चष्मेवाला म्हणाला. "खोटं बोलणारा काहीतरी पदरात पाडून घ्यायला बोलतो. हिच्या पदरात काय पडलं? नोकरी गेली, शेजारीपाजारी बोलेनासे झाले."

"नाव झालं की."

"बरं, तिचं सोड. जे परत येऊन काही बोलतच नाहीत, त्यांचं काय?"

आता मात्र सलूनवाला भडकला. "न बोलणाऱ्यांचीही साक्ष काढता होय? मग माझ्या बहिणीच्या नवऱ्याला विचारा. त्याच संध्याकाळी त्याच रस्त्याने गाडी घेऊन येत होता. आत्ता येईलच केस कापायला."

एक गोष्ट त्याने पोटात ठेवली. त्यानंतर आठवड्याभरातच धाकटी बहीण लेकीला घेऊन त्याच्याच घरी येऊन राहिली होती. "दादा, माणूस तोच आहे रे, पण मला त्याच्याजवळ झोपवत नाही," ती म्हणाली होती. मारतो का? नाही. पितो का? नाही. उलट फारच चांगला वागतो. "तुझ्याही डोक्यात दिवे लागले वाटतं," म्हणून त्याने तिला उडवून लावलं होतं. शेवटी ती म्हणाली, तू सांगशील तसं. आज ती त्याचा निर्णय ऐकायला सलूनवर यायची होती, आणि 'जा' म्हणायचं हे त्याचं ठरलेलं होतं.

नवरा आला. सगळं सलून त्याला जावईबापूच म्हणायचं. लग्न झाल्यापासून त्याचं डोकं दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं नव्हतं. टाळूवर असा हट्टी भोवरा, की भांग पाडायचा तर डावीकडेच. लेकीनेही तोच उचललेला, जसाच्या तसा.

"काय जावईबापू, दिसलं का हो काही?" सलूनवाल्याने अंगावर कापड टाकत मोठ्याने विचारलं.

"कुठलं काय? टायर बसला होता, तो बदलत होतो," जावईबापू शांतपणे म्हणाले. "लोकांना कशातही काहीही दिसतं."

"हरलो बाबा," चष्मेवाला म्हणाला. आजवर तो कधी हरला नव्हता. बाकावर हशा पिकला.

सलूनवाला तेवढा हसला नाही. केस बसत नव्हते. त्याने पाणी मारलं, पुन्हा कंगवा फिरवला. डावीकडे भांग पडेचना. तो आपोआप उजवीकडे पडत होता. त्याने बोटांनी टाळू उघडून पाहिली. भोवरा उलटा फिरत होता. केस पिकतात, गळतात, पण भोवरा जन्माला येतो तसाच मरेपर्यंत राहतो. त्याने कंगवा खाली ठेवला.

"काय झालं, दादा?" आरशातून जावईबापू त्याच्याकडे बघून हसत होते.

"काही नाही." त्याने कंगवा पुन्हा उचलला.

एवढ्यात बहीण दारात उभी. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लेक. "दादा, काय करू? जाऊ ना?"

सगळं सलून बघत होतं. आत्ताच तर त्याने चारचौघांत बाजी मारली होती. लाज वाटली त्याला, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

"नाही. तू जायचं नाहीस."

"का हो?" जावईबापूंनी स्वतःच कापडाची गाठ सोडली. "मी तर तुमच्याच बाजूने बोललो."

"मी म्हणतो म्हणून."

वाद नाही, आवाज नाही. जावईबापूंनी मानेवरचे केस झटकले. "बरं, राहू दे. मला घाई नाही," म्हणाले आणि निघून गेले.

बहिणीने पिशवी खाली ठेवली आणि तिला रडूच फुटलं. वाचलो, असं सलूनवाल्याला वाटलं. त्याने भाचीला जवळ ओढलं. "आता मामाकडेच राहायचं हं."

"सकाळी तिचे बाबा शाळेतून परस्पर घेऊन गेले होते रे तिला," बहीण डोळे पुसत म्हणाली. "धरणावर फिरवलं म्हणे. इकडे येताना घरी आणून सोडलं."

सवयीने त्याचा हात भाचीच्या डोक्यावर गेला होता. बोटं टाळूवर पोचली आणि तिथेच थांबली. तिचाही भोवरा उलटा फिरत होता.

भाचीने मान वर केली आणि शांतपणे हसली.

"काय झालं, मामा?"