ठेवणीतले शॉकअप

“या घरात आजवर एकही गोष्ट माह्या हुकुमाबिगर खाली आली नाही!” उकंडरावांनी जाहीर केलं आणि वांग्यांचं पोतं ओढायला ते गाडीत वाकले. तेवढ्यात डिक्कीचं वर उघडलेलं दार त्यांच्या पाठीवर आलं.

दोष डिक्कीचा नव्हता. उकंडराव ‘धर’ म्हणायचे विसरले होते. गेली सहा वर्षं ते ‘धर’ म्हणत आणि त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई उजवा हात वर लावून डिक्कीखाली उभ्या राहत. पोती चढत, उतरत, मोताळ्याचा बाजार होई. डिक्की तोलून धरणारे दोन शॉकअप कधीच बाद झाले होते. नळ्यांत भरलेला गॅस निघून गेला होता. गाडी अठरा वर्षांची होती, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

पाठ चोळत त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेदहा. मुलगा प्रेम बारा वाजता पोचणार होता. दिवाळीत याच डिक्कीमुळे त्याच्या टाळूला दोन टाके पडले होते. जाताना तो एवढंच म्हणाला होता, “पुढच्या वेळी ही अशीच दिसली तर गाडी विकणार. आणि तुम्ही दोघं पुण्याला.” पुण्यात त्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर होता. उकंडराव एकदा राहून आले होते. तिथून आपलं गाव वडनेर दिसत नव्हतं.

“आता काढा ते ठेवणीतले,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

ठेवणीतले म्हणजे नवे शॉकअप. ते सहा वर्षांपूर्वी खामगावहून आणले होते, आणि इतके देखणे निघाले की गाडीला लावून खराब करवेनात. कपाटात, लग्नातल्या शालूशेजारी, जुन्या धोतरात गुंडाळून ते उभे होते. दुकानदार म्हणाला होता, “काका, लवकर लावजा. अन् ठेवलेच तर दांडा खाली. आतलं तेल रबरापाशी राह्यलं पाह्यजे, नाही तं गॅस निंघून जाते.” पण इतका चकचकीत दांडा जमिनीकडे करणं उकंडरावांना शोभेसं वाटलं नाही. सहा वर्षं दांडा वरच होता.

त्यांनी एक हातात घेऊन दाबून पाहिला. दांडा अलगद आत गेला.

“काय नरम चालते! असली माल हाये. धर.”

अन्नपूर्णाबाईंनी धरलं. उकंडरावांनी स्क्रू-ड्रायव्हरने क्लिप उचकून जुना काढला, नवा तिथल्या लोखंडी गोळीवर दाबला. टक. दुसऱ्या बाजूलाही टक.

“सोड.”

डिक्की जागच्या जागी राहिली. उकंडरावांनी छाती फुगवली, आणि सभेत डुलकी लागलेल्या पाहुण्याची मान उतरावी तशी डिक्की उतरू लागली. अन्नपूर्णाबाईंनी पुन्हा हात लावला.

दोनदा काढून पाहिलं, दोनदा बसवून पाहिलं. घड्याळात बाराला दहा कमी होते.

“खामगावले जाऊन येतो.”

“धा मिनिटात?”

फाटकाशी ऑटो थांबला. प्रेम बॅग खांद्यावर घेऊन उतरला आणि घराकडे न जाता सरळ गाडीपाशी आला.

“बदलले का बाबा?”

उकंडरावांनी स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला. अन्नपूर्णाबाई डिक्कीला हात लावून अशा उभ्या होत्या, जशा दाराच्या चौकटीशी शेजारणीशी बोलायला उभ्या राहतात.

“नवे हायेत,” त्या म्हणाल्या. “कपाटातले.”

प्रेमने टाळूवर हात ठेवूनच डोकं आत घातलं. एक शॉकअप निरखला, मग दुसरा. उकंडराव डिक्कीकडे पाहत नव्हते. ते अन्नपूर्णाबाईंच्या कोपराकडे पाहत होते. कोपर थरथरत होतं. बांगड्या बारीक वाजत होत्या.

“मग हात काऊन लावला आई?”

“सवय हाये बापा.”

प्रेम हसला. “बरं, राहू द्या मग गाडी यंदा.” आणि पाणी प्यायला आत गेला.

उकंडरावांनी श्वास सोडला. “पाह्यलं? म्हटलं होतं ना मी!”

“पाह्यलं. आता धरा.”

सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी डिक्कीखाली हात दिला. मग दुसराही द्यावा लागला.

अन्नपूर्णाबाई बाजूला झाल्या. त्यांचा उजवा हात वरच होता. डाव्या हाताने मनगट धरून, झोपलेलं लेकरू खाली ठेवावं तसा त्यांनी तो हळूच खाली आणला. तो तसाच लोंबत राहिला.

“कवापासून असं?”

“मागच्या सोयाबीनपासून. धरलं की घडीभर कामातून जाते.”

“सांगतलं काऊन नाही?”

“तुमी ‘धर’ म्हनत होते.”

आतून प्रेमने हाक मारली. अन्नपूर्णाबाईंनी जायला पाऊल उचललं, पण पदर घसरून मानेवर आला होता, आणि उजवा हात वर जाईना. त्या वळून उकंडरावांसमोर येऊन उभ्या राहिल्या. उकंडरावांचे दोन्ही हात डिक्कीखाली वर होते.

“अहो, पदर तेवढा डोक्यावर घ्या माहा.”